माझ्या सॉकेटात किटली कोणी खुपसली?

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे आणि आज माझं डोकं इतकं तापलंय की हात लावाल तर चटका बसेल!

इंटरनेट कंपनीच्या मशिनांच्या खोलीत, टेबलाखाली, मी वर्षानुवर्षं राबले. इंजिनिअर ताईंनीच मला तिथे आणलं. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत नेट चालू ठेवायचं, एवढंच माझं काम. कोणतं मशीन किती वीज खातं ते ताईंनी मोजलं आणि माझ्या सॉकेटवर चिठ्ठी डकवली, "फक्त मशिनांसाठी." वीज जायची, पण गावात कुणाला पत्ताही लागत नसे. "आपली बॅटरी म्हणजे खणखणीत नाणं!" असं साहेब पाहुण्यांना सांगत. मला कोण आनंद व्हायचा!

पण त्या कौतुकानेच घात केला. या सॉकेटची वीज कधी जातच नाही, हे सगळ्यांना कळलं ना! आधी एक मोबाइल आला, मग पंखा, मग साहेबांची किटली. तिच्या वाफेने चिठ्ठीसुद्धा गळून पडली. ताई ओरडल्या, तर साहेब म्हणतात, "अहो, एवढीशी किटली ती! खाऊन खाऊन किती खाणार?" एवढीशी? सगळी मशिनं मिळून खात नाहीत तेवढं ती एकटी ढोसते!

परवा भर दुपारी आमच्या गल्लीची वीज गेली. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, म्हणून ताई ते आणायला धावल्या. जाता जाता त्यांनी लेकीला फोन केला. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथे वीज होती आणि लेकीची शिष्यवृत्तीची मुलाखत नेटवरून सुरू होणार होती.

"बिनधास्त बोल गं. आमचं नेट जात नाही."

आणि इकडे? ऑफिसातले संगणक बंद म्हणून काम बंद, काम बंद म्हणून चहा! एक किटली झाली, दुसरी लागली. मी टीं-टीं करत कोकलू लागले.

"साहेब, बॅटरी कोकलतेय," कारकून म्हणाला.

"कोकलू दे. पाणी उकळत आलंय."

पाणी उकळलं. मी संपले.

ताई डिझेलचा डबा घेऊन दारात पोचल्या, तोच त्यांचा फोन वाजला. "आई, सगळं बंद पडलं! मी वाक्याच्या मध्यात होते. तूच म्हणालीस ना, जात नाही म्हणून?"

ताईंनी डबा खाली ठेवला आणि टेबलाखाली वाकून पाहिलं.

"बॅटरी म्हातारी झाली हो," साहेब कप खाली ठेवत म्हणाले. "बदलून टाकू."

ताईंनी किटली सॉकेटातून उपटली, पक्कड घेतली आणि तिची वायर कचकन तोडली. "आधी ही बदला!"

तरी बदललं मलाच. आता मी जिन्याखाली भंगारवाल्याची वाट बघत पडले आहे. त्या पोरीची मुलाखत पुन्हा घेणार की नाही, ते अजून कळलेलं नाही. तेच मला डाचतंय.

मित्रांनो, जी कधी दगा देत नाही तिच्याच डोक्यावर सगळे ओझं लादतात. तुम्ही तसं करू नका. लादण्याआधी एकदा वाकून टेबलाखाली बघा, ती आधीच काय काय पेलतेय ते.

समोरच्या दारातून मला नवी बॅटरी दिसते. चकचकीत आहे, बिचारी. आणि तिच्या सॉकेटाला... ए! कुणाचा आहे तो मोबाइल? काढ आधी!