गच्चीवरचा छोटा पंखा

अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं. महिन्यातून एकदा गच्चीवर शिडी लावायची आणि त्यांच्या हवामानयंत्राचं घरटं साफ करायचं. घरटं म्हणजे एकावर एक पालथ्या घातलेल्या पांढऱ्या बशांचा मनोरा. आत तापमान मोजणारी बोटभर नळी, आणि तिच्यावरून सतत हवा ओढणारा छोटा पंखा. आकडा खाली अप्पांच्या खोलीतल्या पडद्यावर दिसतो. पंखा थांबला तर उन्हात बशा तापतात आणि यंत्र हवेचं सोडून बशांचं तापमान सांगत बसतं. हे अप्पांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

आणि तरी चार महिने मी वर फिरकले नाही.

मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. तिथं सकाळी मशीन धुतल्याशिवाय कुणाला एक नमुना लावू देत नाही. घरी मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दर पहिल्या तारखेला अप्पा विचारायचे, "झालं का गं?" मी चपला शोधत म्हणायची, "हो, चकाचक!" की ते रोजचं तापमान नोंदवायच्या वहीत 'साफ' असं लिहायचे. अशा एकोणीस वर्षांच्या वह्या आहेत त्यांच्याकडे.

मग दुपारी ते स्वेटर मागू लागले. "अठ्ठावीस अंश दाखवतंय, आणि मला गार वाटतंय," ते म्हणाले. मी म्हटलं, "वय झालं अप्पा. व्हायचंच असं." नंतर दोन-तीनदा मी त्यांना खिडकीच्या गजाला हात लावून बघताना पाहिलं. मला हसू आलं होतं, हेही कबूल करायला हवं.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"आजपासून तू लिहीत जा. यंत्र एक सांगतं, अंग दुसरंच सांगतं. यंत्र तर साफ आहे. म्हणजे बिघाड माझ्यातच."

मी तशीच उठून वर गेले. पंख्याची वायर काढली, बशा सुट्या केल्या. पंख्याच्या पात्यांत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, टणक. काडीनं टोकरून ते काढलं, जाळीवरची धूळ ब्रशनं झाडली, बशा साबणाच्या पाण्यानं धुऊन पुसल्या. नळीला पाणी लागू दिलं नाही. वायर जोडली तसा पंखा गुरगुरला.

जरा वेळानं खालून हाक आली. "अगं, तेवीसवर आलं! काय केलंस?"

पंखा आताच बिघडला होता, असं मी म्हणाले असते तर खपून गेलं असतं. खाली जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"पंखा बंद होता अप्पा. मी चार महिन्यांत एकदाही वर गेले नव्हते. तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांनी वही पुन्हा आपल्याकडे ओढली.

"म्हणजे गार वाटत होतं, ते खरंच होतं?"

"हो."

"रोज?"

"रोज."

ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"मला वाटलं, माझंही डोकं चाललं. तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं ना? परवा मी एका वृद्धाश्रमात फोन केला. खोली आहे म्हणाले. म्हटलं, तुझ्या वाट्याला पुन्हा तेच नको."

"अप्पा, रागवा ना माझ्यावर."

"रागवू कशाला, वेडे? केवढं हलकं वाटतंय मला!"

त्यांनी मला जवळ घेतलं आणि पाठीवर थोपटत राहिले. खूप खुशीत होते ते. मला तो हात सहन होत नव्हता.