रांगेत अडकलेलं उत्तर

मी एक जुना राऊटर आहे. मला दोन शिंगं होती, त्यातलं एक आता चिकटपट्टीच्या आधाराने उभं आहे. बैठकीच्या खोलीतल्या फळीवर, जाडजूड शब्दकोशाला टेकून मी बसतो. मित्रांनो, मी नीट चालतो तेव्हा घरात कुणाला माझी आठवण होत नाही, आणि अडखळलो की सगळ्यांना एकदम होते. मग कुणीतरी येतं, माझं बटण बंद करतं, दहापर्यंत मोजतं आणि पुन्हा चालू करतं. माझ्या सगळ्या दुखण्यांवर या घरात हे एकच औषध.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. तिथल्या एका बाईने माझ्या पोटाला नावाची चिठ्ठी चिकटवली, ती जरा तिरकी लागली. मला वाटलं होतं, आपल्याला काढून टाकतील, पण मी खपून गेलो. माझ्या आत पुष्कळ विद्या भरलेली होती. त्यातली एक फार मोलाची होती, पण ती ठेवलेली जागा अशी अडगळीची, की सेटिंगची सात पानं उलटल्याशिवाय सापडू नये. तिचं नाव ट्रॅफिक शेपिंग, म्हणजे कुणी किती वेगाने जायचं आणि कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणं. चार वर्षं त्या पानावर कुणी फिरकलं नाही.

या घरात बाबा, त्यांची मुलगी आणि बाबांची आई, म्हणजे आजी. मी आलो तेव्हा सगळे माझ्याभोवती जमले होते. बाबांनी माझे दिवे मोजले. धूळ बसू नये म्हणून आजीने माझ्या अंगावर विणलेला रुमाल घातला. उकडून माझा जीव जायची वेळ आली, पण तिची माया बघून मी गप्प राहिलो. शेवटी नातीनेच तो काढला. "आजी, त्याला घाम फुटलाय," ती म्हणाली.

आजीची एक थोरली बहीण होती. आजी तिला ताई म्हणायची, म्हणून सगळं घरच ताई म्हणायचं. ताई दूरच्या गावी एकट्या राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेलेले आणि इमारतीला लिफ्ट नाही. आजीने त्यांना तीनदा बोलावलं होतं, "माझ्या खोलीत दुसरी खाट मावते." तिन्ही वेळा ताईंनी एकच उत्तर दिलं, "मी कुणाच्या घरात जाऊन राहायची नाही." चौथ्यांदा आजीने विचारलं नाही. तिचंही नाक काही लहान नव्हतं. मात्र खिडकीजवळची जागा तिने रिकामीच ठेवली होती. तिथे बाबांना खुर्चीसुद्धा ठेवू देत नसे.

दर रविवारी दुपारी या दोघी व्हिडिओवर बोलायच्या आणि दर रविवारी भांडायच्या.

"मला मध्ये तोडू नकोस ग."

"मी कुठे तोडते? तूच आधी बोललीस."

"बघ, परत."

मित्रांनो, त्या एकमेकींना तोडत नव्हत्या. त्यांचे शब्द उशिरा पोचत होते. आमच्या लाइनचा घरात येणारा रस्ता रुंद, बाहेर जाणारा अगदी अरुंद. मी जोरात माल ओतला की तो बाहेरची लाइन जोडलेल्या पांढऱ्या मोडेममध्ये तुंबतो, आणि तिथल्या रांगेवर माझा हुकूम चालत नाही. समजा, जिन्यावरून चौघं जण लोखंडी कपाट उतरवताहेत आणि मागे एक जण नुसती चिठ्ठी घेऊन उभा आहे. चिठ्ठीला किती जागा लागणार? पण कपाट खाली उतरेपर्यंत तो बिचारा तिथेच. आजीचं बोलणं म्हणजे ती चिठ्ठी, आणि नात कॉलेजला पाठवायची त्या फिल्मा म्हणजे कपाटं.

नात हुशार. तिने कुठेकुठे वाचून माझं ते सातवं पान शोधून काढलं. तीन दिवस वेगवेगळ्या वेळी तिने वेग मोजला. कागदावर चाळीस एमबी होते, प्रत्यक्षात अडतीसच्या आसपास यायचे, आणि बाहेर जाणारे पाचाला थोडे कमी. तिने मला येणाऱ्यासाठी चौतीसची आणि जाणाऱ्यासाठी सव्वाचारची मर्यादा घालून दिली. लाइनच्या ताकदीपेक्षा मुद्दामच जरा कमी. मग रांग मोडेममध्ये लागेना, माझ्या हाताशी लागू लागली, आणि मी चिठ्ठीवाल्याला कपाटाच्या आधी वाट करून देऊ लागलो.

त्या रविवारी दोघी भांडल्या नाहीत. "आज शहाण्यासारखी ऐकतेयस," ताई म्हणाल्या. आजी हसली, आणि ते हसू वेळेवर पोचलं. माझ्या आयुष्यातला तो सुखाचा काळ. तो पाच आठवडे टिकला.

मग एका शुक्रवारी बाबांनी सहज वेग तपासला.

"आपण चाळीसची लाइन घेतलीय ना? मग हे चौतीस कसे?" त्यांनी आजीला विचारलं.

"मला काय विचारतोस? मी नाही घेतले," आजी म्हणाली.

नात तेव्हा मैत्रिणीकडे गेली होती. बाबांनी माझी पानं चाळली, मर्यादा दिसली, त्यांनी ती काढून टाकली. पुन्हा तपासलं तर अडतीस. "काहीतरी बिघडलं होतं. केलं मी ठीक," ते म्हणाले, आणि नातीला सांगायचं विसरले. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. आकडा वाढला की माणसाला सुधारणा झाल्यासारखी वाटते.

रविवारी नातीने तिची फिल्म पाठवायला लावली, माझ्या भरवशावर. आजी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. ताई आधी हवापाण्याचं बोलल्या. मग थांबल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "एक विचारू? मी येऊ का ग तुझ्याकडे राहायला?"

आजीने श्वाससुद्धा घेतला नाही. "ये की! कधी येतेस?"

तिचे शब्द माझ्या हातात आले, मी ते पुढे ढकलले, आणि ते त्या कपाटांच्या मागे जाऊन उभे राहिले. एक सेकंद. दोन सेकंद. मी काहीच करू शकत नव्हतो. तिसऱ्या सेकंदाला ताईंचा आवाज आला, "बरं, असू दे. गंमत केली ग." आणि त्यानंतर, मित्रांनो, त्यानंतर आजीचं "ये की" त्यांच्यापर्यंत पोचलं.

आजीला वाटलं, मी ये म्हटल्यावर हिने माघार घेतली. तिने फोन ठेवला आणि बाबांना हाक मारली, "ती खुर्ची ठेव रे खिडकीजवळ. रिकामी जागा काय करायचीय."

रविवारचं बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. ताई त्यांच्या गावातल्याच एका वृद्धाश्रमात गेल्या. तळमजल्यावरची खोली मिळाली म्हणाल्या. आठ महिन्यांनी ताईंच्या वाढदिवसाला नातीने त्यांना फोन केला, तेव्हा त्या बोलता बोलता म्हणून गेल्या, "तुझ्या आजीने आधी विचार केला, मग ये म्हणाली. लाडके, मन राखायचं म्हणून दिलेलं बोलावणं मला कळतं."

आजीचं "ये की" क्षणाचाही वेळ न घेता आलेलं नातीने त्या रविवारी शेजारी बसून ऐकलं होतं. ती तशीच उठून माझ्यापाशी आली. सातवं पान उघडलं, मर्यादा नव्हती. तिने बाबांना आणि आजीला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. "चार एमबीसाठी," बाबा एवढंच म्हणाले. मर्यादा त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा घातली.

रविवारी आजीने फोन लावला.

"ताई, त्या दिवशी मी लगेच ये म्हटलं होतं ग. या मेल्या यंत्रात अडकलं ते."

पलीकडे शांतता पसरली. मी माझी रांग पाहिली. ती रिकामी होती. मोडेमही मोकळा होता. ही शांतता माझी नव्हती, ताईंची होती.

"हो का," ताई म्हणाल्या. "आता एवढा प्रवास नाही ग व्हायचा माझ्याने. डॉक्टर नाही म्हणतात."

"बरं," आजी म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्याही घरात कुठल्यातरी फळीवर असेल. त्याचं सातवं पान एकदा उघडून बघा. दुसऱ्याने काही बदललेलं दिसलं तर पुसण्याआधी त्याला विचारा. घरात कुणी जिवाभावाचं बोलत असेल तर तुमचं कपाट थोडं मागाहून उतरवा. आणि तुम्ही काही मागितलंत आणि पलीकडून उत्तर आलं नाही, तर लगेच "गंमत केली" म्हणू नका. अजून तीन सेकंद थांबा, आणि पुन्हा विचारा.