फाट्यावरची फांदी

मे महिन्यात बोडक्या डोंगरावर चढायला एक तर शेळीचा जन्म हवा, नाही तर नागपूरची नोकरी आणि शनिवारची सुट्टी. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. माझ्याकडे होती गावच्या पर्यटन समितीनं दिलेली हिरवी टोपी आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'मार्गदर्शक'. ती डोक्यावर घालून चार वर्षं मी या डोंगरावर चढ-उतर करतोय. गुडघे बोलायला लागलेत, तरी टोपी काही उतरत नाही.

आमचं गाव नवेगाव बांधच्या तलावापासून आठ-नऊ किलोमीटरवर, आणि डोंगर गावाच्या पाठीशीच. पावसाळ्यात त्याला कोणी विचारत नाही, कारण तेव्हा तो चारचौघांसारखा हिरवा असतो. उन्हाळ्यात मात्र सगळी पानं झडतात, काळा खडक उघडा पडतो आणि त्यात कुलूची पांढरीफटक झाडं तेवढी उभी राहतात. कोण्या पोट्ट्यानं त्याचे फोटो मोबाईलवर टाकले आणि खाली लिहिलं, 'विदर्भातलं वाळवंट'. झालं. तेव्हापासून लोक उन्हात भाजून घ्यायला इतक्या लांब येतात आणि वर मला विचारतात, "भाऊ, इथे सावली कुठे आहे?"

समितीनं मग वाट आखली. दगडांवर पिवळे बाण रंगवले. जागांना नावं दिली. आमचे म्हातारे ज्याला 'रांडगोटा' म्हणत, त्याचा 'सूर्योदय पॉइंट' झाला, हे एका अर्थी बरंच झालं. आणि नियम केला की पाहुणे येण्याआधी वाट साफ दिसली पाहिजे. काटा नको, शेण नको, पाचोळा नको. म्हणून पाहुणे असतील त्या दिवशी मी पहाटे पाचला खराटा घेऊन डोंगर झाडतो. हे वाक्य मी मोठ्यानं म्हटलं की माझंच मला हसू येतं, पण खरंच झाडतो. पायथ्यापासून फाट्यापर्यंत आणि फाट्यापासून वर पहिल्या वळणापर्यंत.

फाटा म्हणजे बेहड्याच्या मोठ्या झाडापाशी वाट दुभंगते ती जागा. उजवी वाट खाली नाल्याकडे जाते. डावी वर जाते, आणि वळणावर तिचे पुन्हा दोन भाग होतात. एक बाणाबाणानं माथ्यावर, पाहुण्यांसाठी. दुसरा डोंगराच्या खांद्यावरून पलीकडच्या खोऱ्यात. त्या खोऱ्यात तेंदूची झुडपं दाट आहेत, म्हणून गावच्या बाया पत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडायला रोज तिकडेच जात. पण तिथं पाण्याचा थेंब नाही आणि दहा वाजल्यानंतर खडक पाय ठेवू देत नाही, म्हणून त्या अंधारातच निघतात आणि नऊच्या आत परततात.

माझी बायको अन्नपूर्णाही त्यांच्यात जाते. त्या दिवशी मात्र ती मागं राहिली, आणि त्याला कारण मीच. नागपूरहून तिघं यायचे होते आणि त्यांना नाश्ता हवा होता. मंगली बाहेरून हाक देऊन गेली, "येतेस का वो?" अन्नपूर्णा चुलीपुढून म्हणाली, "तुमी चाला, मी येतोच मागून." बाया साडेचारला गेल्या. मी पाचला गेलो. अन्नपूर्णा पोहे करत राहिली.

मी फाट्यावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. आदल्या दिवशीही चढलो होतो, त्याच्या आदल्या दिवशीही. पाय माझे होते, पण ते माझ्यासाठी चालत नव्हते. डाव्या वाटेवर आडवी एक मोहाची फांदी पडली होती, हातभर लांब, पानं अजून तजेलदार. मी ती उचलली, झुडपात भिरकावली आणि खराटा मारत वळणापर्यंत गेलो. मग परत खाली.

सहाच्या सुमारास मी पायथ्याच्या गेटवरच्या छपरीत पाहुण्यांच्या नावांची नोंद करत होतो. अन्नपूर्णा आली. पोह्यांचा डबा बाकावर ठेवला. घरातली मोठी पाण्याची कॅन मी पाहुण्यांसाठी आणली होती, म्हणून तिच्याकडे थंडपेयाची एक लहान बाटली होती, पाणी भरलेली. "जातो मी," ती म्हणाली. मी मान हलवली. वरसुद्धा पाहिलं नाही.

पाहुण्यांत पुढारी होत्या रचना मॅडम. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, आणि चालायला माझ्यापेक्षा खमक्या. बाकीचे दोघं त्यांचे ऑफिसातले सोबती. ते फोटो काढण्यात मागं राहत आणि मॅडम पुढं जाऊन त्यांची वाट बघत उभ्या राहत. त्या राजस्थानात, अरवलीच्या उघड्या डोंगरांत पुष्कळ फिरलेल्या. खडकाला हात लावून बघायच्या, कुलूच्या सालीला हात लावून बघायच्या. मला अशी माणसं आवडतात, पण त्या दिवशी आवडायलाही अंगात जोर नव्हता. मी पाठ केलेलं सांगत होतो. हे कुलूचं झाड, याचा डिंक निघतो. हा खडक सकाळी काळा, दुपारी जांभळा दिसतो. ती खाली चकाकते ती तलावाची कड.

माथ्यावर पोचायला नऊ वाजले. तिथं समितीनं पत्र्याची छपरी बांधली आहे. सोबत्यांनी पोहे उघडले. मॅडम छपरीबाहेर बसून चपटे दगड एकावर एक रचत होत्या.

"हे काय करता मॅडम?"

"सवय," त्या हसल्या. "तिकडे झाडच नसतं ना खुणेला. वाट चुकू नये म्हणून पुढे गेलेला माणूस मागच्यासाठी असे दगड रचून ठेवतो. तुमच्याकडे काय करतात?"

मला जरा हुरूप आला. रोजच्या पाठांतरात नसलेलं काही सांगायला मिळालं की येतो. म्हटलं, "आमच्याकडं फांदी ठेवतात. गोंड लोकांची जुनी रीत, आता सगळं गावच पाळते. समजा चार बाया पुढं गेल्या आणि एक मागून येणार आहे. फाटा आला की ज्या वाटेनं गेल्या नाही, त्या वाटेवर ताजी फांदी आडवी टाकतात. म्हणजे मागची समजते, इकडं जायचं नाही. पानं सुकली नसली, तर खूण आजची. आमच्या इथं लहान पोरगंसुद्धा ती फांदी ओलांडत नाही आणि हात तर..."

हात तर लावतच नाही, असं म्हणायचं होतं. ते तोंडातच राहिलं. माझ्या हाताला त्या मोहाच्या फांदीचा चीक अजून लागलेला होता.

"काय झालं भाऊ?"

माथ्यावर मोबाईल लागतो. मी मंगलीला लावला. पाचदा वाजून सहाव्यांदा तिनं उचलला.

"अन्नपूर्णा तुमच्यासंग हाये का?"

"नाही बा. आमाले वाटलं तुमच्या पाव्हन्यायच्या भानगडीत आलीच नाही."

"तुमी कुठं हा?"

"नाल्याकडं. वरचं पान सरलं ना, म्हनून फाट्यावरच ठरवलं का खाल्लाकडं जाऊ. डाव्या वाटेवर फांदी टाकून आलो आमी, मोह्याची. दिसली नाही का तिले?"

मी फोन ठेवला. तिला काय सांगणार होतो? ती खूण टाकायला ज्या बाईला सुचलं ती निरक्षर, आणि ती उचलून फेकणाऱ्याच्या टोपीवर मार्गदर्शक लिहिलेलं. मला स्वतःची इतकी चीड आली की टोपी काढून तिथंच दगडावर टाकली.

सव्वानऊ झाले होते. अन्नपूर्णा कधीचीच त्या खोऱ्यात उतरली असणार. माझी बायको हट्टी आहे. बाया दिसल्या नाहीत म्हणून ती परत फिरणार नाही. पुढं असतील म्हणत चालत राहील, आणि चालता चालता पत्ता तोडत राहील. अर्ध्या लिटरच्या बाटलीवर.

मी मॅडमना दोन वाक्यांत सांगितलं. पाहुण्यांना माथ्यावर सोडून जायचं नाही, हा समितीचा पहिला नियम. मॅडमनी तो मला आठवू दिला नाही. स्वतःच्या पिशवीतून पाण्याच्या दोन बाटल्या आणि मीठ-साखरेची पाकिटं काढून माझ्या हातात कोंबली.

"तुम्ही जा. आम्ही उतरू. वाट छान झाडलेली आहे, बाण आहेत, चुकणार नाही."

त्यांनी धीर द्यायला म्हटलं, पण मला ते फार लागलं.

माथ्यावरून खोऱ्यात थेट उतरणारी एक घसरणीची वाट आहे, शेळ्यांची. गेली दोन वर्षं मी ती टाळतोय. त्या दिवशी बसत, सरकत, हाताला खडक भाजत उतरलो. खाली हवा हलत नव्हती. सगळीकडे सारखंच दिसत होतं; राखाडी झुडपं, काळे दगड, मधेच एखादं पांढरं झाड. पाहुणे याच देखाव्यासाठी येतात. चार वर्षं मी त्यांना हे वरून दाखवलं, आणि आत उभं राहिल्यावर कळलं की यात लपलेलं माणूस देवालाही सापडायचं नाही. आम्ही बौद्ध, देव मानत नाही, तरी तेव्हा मनात तो शब्द आला.

"अन्नपूर्णा!" मी ओरडलो. मग थांबलो, कारण धाप लागली होती आणि ओरडून घसा कोरडा करण्यापेक्षा बघणं बरं होतं. तेंदूपत्ता तोडणं हे मीही दहा वर्षं केलं आहे. हात कसा चालतो ते ठाऊक आहे. ताजं पान खुडलं की देठाशी ओलं टोक राहतं. मी झुडपं बघत चाललो. पहिल्या वीस-पंचवीसांत काही नाही. मग एका झुडपाची वरची पानं गेलेली, देठ ओले. पुढच्याचीही. ती खरंच तोडत गेली होती. मला रडू आलं आणि रागही आला. बाया नाहीत, पाणी नाही, तरी या बाईचे हात थांबत नाहीत. आमच्या दोघांचेही हात थांबत नाहीत, हाच आमचा रोग.

तासभर तरी मी त्या ओल्या देठांमागं गेलो. दोनदा चुकलो, मागं आलो. नंतर झुडपं संपली आणि खडक लागला, आणि खडकावर कसली खूण? तिथं मी खाली बसलो. उठवेना. वाटलं, आता इथंच बसून राहावं, कोणी तरी आपल्यालाही शोधायला येईल. मग डावीकडून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. एक, मग थोड्या वेळानं दुसरा.

एका कपारीच्या वीतभर सावलीत ती पाय लांब करून बसली होती. शेजारी पानांचं गाठोडं. उजवा घोटा सुजून टम्म. ओठ फाटलेले. हातात दगड. हाक मारायला आवाज उरला नव्हता म्हणून ती मधूनमधून दगड आपटत होती.

मी पाणी दिलं. घोटाघोटानं पाजलं, मीठ-साखर घालून पाजलं, डोक्यावरचा पदर भिजवला. मी तिचा पाय मांडीवर घेऊन बसलो. बावीस वर्षांत तिचा पाय असा मांडीवर कधी घेतला नव्हता.

मग ती म्हणाली, "बाया कुठं हायेत?"

"नाल्याकडं."

"मंग फांदी काऊन नाही टाकली? फाट्यावर मी चांगली थांबली, पायलं. वाट झाडली होती. मंग म्हटलं, हे आताच इथून झाडत गेले, फांदी असती त ह्यायले दिसली असती. तशीच राहू देली असती." तिनं बाटलीतलं थोडं पाणी घेतलं. "तुमची झाडनी पाहून आली मी."

खोटं बोलायला जागा होती. मंगलीनं टाकलीच नसेल, वाऱ्यानं उडाली असेल, एखाद्या बकरीनं खाल्ली असेल. तिनं विश्वासही ठेवला असता.

"होती फांदी," मी म्हटलं. "मीच फेकली."

"कायले?"

उत्तरं पुष्कळ होती. समितीचा नियम, पाहुणे, रोजची झोपमोड, गुडघे. सगळी खरी होती. "कचरा वाटला," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं नजर काढली, गाठोड्याची गाठ घट्ट केली आणि उठायला हात पुढं केला.

गाठोडं मी डोक्यावर घेतलं. ती माझ्या खांद्यावर एक हात टाकून लंगडत निघाली. खालच्या अंगानं गावाकडे जाणारी वाट लांबची, पण चढ नसलेली. त्या वाटेवर तीन फाटे आहेत आणि मी डोळे मिटूनही त्यातून जाईन. पहिल्या फाट्यावर मी म्हटलं, "इकडून." अन्नपूर्णा थांबली. माझ्या खांद्यावरचा हात काढला, वाकून दोन्ही वाटांची जमीन नीट न्याहाळली, मगच आली.

दुसऱ्या फाट्यावरही ती तशीच थांबली. दुखऱ्या पायावर उभी राहून, डोळ्यांवर हात धरून, आधी एक वाट आणि मग दुसरी.

तिसरा फाटा आला तेव्हा मी काहीच सांगितलं नाही. बाजूला झालो आणि तिचं बघून होईपर्यंत उभा राहिलो.