कृष्णविवराच्या दिवशी वाढलेला रक्तदाब

"हात सैल सोड. आणि तोंड बंद ठेव," मारित्साने दटावलं आणि नोल्बेर्तोच्या दंडावरचा पट्टा पुन्हा फुगू लागला.

आकडा काही उतरला नाही. रक्तदाब इतका असेल तर डोंगरावरच्या दुर्बिणीकडे कुणालाच सोडायचं नाही, हा तळावरच्या दवाखान्याचा नियम. नोल्बेर्तो कोल्के आजवर कधी त्यात अडकला नव्हता. पण काल बहिणीकडे खारवलेल्या लामाच्या मांसाचं कालवण त्याने दोनदा वाढून घेतलं होतं. निवृत्ती तोंडावर आलेली, दुर्बीण कृष्णविवराकडे वळवायची ही शेवटची खेप, आणि नेमका आजच जिभेने घात केला.

"कोमाद्रे, जरा कमी लिही ना," तो हळूच म्हणाला. मारित्सा त्याच्या मुलीची धर्ममाता, म्हणून ती त्याची कोमाद्रे. एवढं मागायचा आपला हक्क आहे असं त्याला वाटलं.

"आणि वर आडवा झालास तर तुझ्या बायकोला काय तोंड दाखवू?" ती म्हणाली. पण पेन तिने अजून कागदाला टेकवलं नव्हतं.

तेवढ्यात यास्ना दारात आली. दुर्बीण चालवायला ती त्याच्याच हाताखाली शिकली होती. "नोल्बेर्तोकाका, मेक्सिकोवाले तयार, हवाईवाले तयार. सगळीकडे आभाळ स्वच्छ आहे. आता आपल्यासाठीच थांबलेत."

त्याने दंडावरचा पट्टा सोडला. जिथून प्रकाशही सुटत नाही तिथे तुम्ही बघता काय डोंबल, असं बायको त्याला नेहमी विचारायची. तो सांगायचा, भोवती तापलेला वायू गरगरतो, तो उजळतो. मधे उरलेला काळोख म्हणजे ते कृष्णविवर. इतकं दूरचं टिपायला दुर्बिणीची थाळी पृथ्वीएवढी हवी. ती कोण बांधणार? म्हणून देशोदेशीच्या थाळ्या एकाच वेळी तिकडे बघतात आणि मग साऱ्यांच्या नोंदी विमानाने एका जागी नेऊन जुळवतात. वर माणसं मोजकीच. तो कोसळला असता तर सगळे त्यालाच घेऊन खाली धावले असते, आणि चिलीची थाळी ऐन वेळी आंधळी झाली असती.

"खरा आकडा लिही," तो मारित्साला म्हणाला. मग यास्नाकडे वळला. "तू जा. वाऱ्यात थाळी कुरकुरते, पण हलत नाही."

"मी एकटी चालवू?"

"मग काय, तुझ्या आजीला धाडू?"

गाडी धूळ उडवत निघून गेली. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर जीव हलकाही झाला. मारित्साने पाल्याचा कडू चहा दिला. उन्हात बसून त्याने तो चवीने प्यायला.

दुपारी दवाखान्यातला फोन वाजला. "काका, नोंद सुरू झाली! सगळ्या थाळ्या चालू आहेत!"

"शाब्बास, पोरी!"

"आणि तुमची खुर्ची केवढी खाली हो! मला पडदाच दिसेना. थोडी वर केलीय. उतरताना परत खाली करते."

नोल्बेर्तोने खिडकीतून डोंगराकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे तशीच."