मान खाली घातलेला आरसा

मी आरसा बोलतोय. भांग पाडायचा नव्हे हं! माझ्यात तोंड बघायचं तर शिडी लावून यावं लागेल. घराच्या भिंतीएवढा आहे मी, लोखंडी खांबावर बसवलेला. माझं काम एकच, ऊन झेलायचं आणि सांगतील तिकडे फेकायचं.

आमचं शहर दुमजली. वर बागा, गच्च्या आणि मोकळं आभाळ, ती वरची वस्ती. तिच्या पायाखाली, काँक्रीटच्या छताआड, खालची वस्ती. तिथे भरदिवसाही दिवे जळतात. तुम्ही म्हणाल, वर ऊन रग्गड, मग आरसा कशाला? तर वरच्यांची तक्रार होती, की सूर्य मेला एकाच बाजूने येतो! सकाळी न्याहारीला बसावं, तर मागच्या गच्चीवर सावली. म्हणून छताच्या कडेला आम्हा आरशांची रांग उभी राहिली.

माझा जन्म मात्र खालचा. खालच्या कारखान्यात मला ओतलं, घासलं, लखलखीत केलं. वर आल्यावर मी ते सोयीस्करपणे विसरलो. मोठ्या घरी पडलेल्या पोरीने माहेर विसरावं, तसा.

मला पुसायला खालून मावशी यायची. सगळ्या जगाची मावशी. तिच्यापेक्षा वयाने मोठा असलेला मुकादमही तिला मावशीच म्हणे. मदतीला लंबू नावाचा एक उंच, हसरा गडी. दोघं आधी चाक फिरवून माझी मान खाली घालत आणि मग पुसत. कधी उशीर होऊन ऊन आलं आणि तोंड वर ठेवून पुसलं, तर फडक्याची सावली वरच्यांच्या ताटात नाचायची. दुसरा नियम असा, की एकही डाग असेपर्यंत मान वर करायची नाही. हे सगळं उजाडायच्या आत उरकायचं.

पुसताना मावशी बोलायची ती फक्त नातीबद्दल. सून गेली, मुलगा दूर कामाला, आणि पोरीला मुडदूस. पाय धनुष्यासारखे वाकलेले, चौथं वर्ष सरत आलं तरी उभी राहीना.

"डॉक्टर म्हणतात, ऊन द्या," मावशी सांगे. "वेळेत मिळालं तर पाय धरतील, नाहीतर जन्माचं अधूपण. बाकी औषध नाही."

"मग वरच्या बाईसाहेबांकडे वाटीभर उसनं मागा," लंबू म्हणे.

"मागितलं असतं रे. पण परत कसं करू?"

आणि मग वरच्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आमची चाकं पहाटे करकरतात, झोपमोड होते, अशी त्यांनी ओरड केली. चाकांना तेल घालायचं कुणाला सुचलं नाही. हुकूम निघाला, की यापुढे आरसे न्याहारीनंतर पुसावेत.

दुसऱ्या दिवशी न्याहारी उरकली. मावशीने चाक फिरवलं, माझी मान खाली गेली आणि माझ्यातलं सगळं ऊन धपकन खालच्या गल्लीत पडलं.

खाली एकच पळापळ! "आग, आग!" म्हणत कुणी बादल्या आणल्या. मग एक म्हातारे आजोबा धीर करून त्यात हात घालून बघतात, तर काय? ते तिथेच मांडी घालून बसले आणि डोळे मिटून घेतले. पाठोपाठ ओल्या गाद्या आल्या, बाळंतिणी आल्या. शेजारणीने मावशीच्या नातीला उचलून मधोमध आणून ठेवलं.

मावशीने वरून ते पाहिलं. तिचा हात थांबला. डोळे पुसून ती कोरड्या आवाजात म्हणाली, "लंबू, इथे डाग दिसतोय रे."

"कुठे? मला तर..." त्याने खाली पाहिलं. "अबब! केवढा मोठा डाग!"

त्या दिवसापासून माझी जी सेवा सुरू झाली, ती राजाच्या घोड्याचीही होत नसेल. रांगेतल्या सगळ्या आरशांवर एकाएकी डाग उगवले. वरचे चहाला आले, की गच्चीवर सावली. मुकादम धावत यायचा.

"मावशी, आटपा! वर बोंबाबोंब चाललीय."

"मुकादम, नियम तुमचाच. तो कोपरा बघा. वाका जरा. आणखी वाका."

मुकादम वाकला की त्याला गल्ली दिसे. गाद्यांच्या शेजारी त्याची स्वतःची आई शेकत बसलेली असे. तो घसा खाकरून म्हणे, "हं, आहे खरा. चिवट दिसतोय."

शेवटी वरच्यांनी शिपाई पाठवले आणि डागासकट माझी मान वर करवली. मावशीचा चेहरा उतरला. पोरगी कुठे नुकती भिंतीला धरून उठू लागली होती. लंबूने शिपायांची नजर चुकवून, जाता जाता वंगणाचा अंगठा माझ्या गालावर टेकवला.

वर बाईसाहेबांच्या शुभ्र मेजावर एक काळा ठिपका पडला. त्यांना वाटलं माशी. त्यांनी रुमालाने हाकलली, जाईना. बशी हलवली, तरी माशी टेबलावर तशीच. "हे असलं घाणेरडं ऊन मला नको! आधी स्वच्छ करा!" त्या किंचाळल्या. माझी मान पुन्हा खाली गेली.

त्यांचा एक हौशी भाचा स्वतःच शिडी चढून आला. फडकं उलटसुलट करून पाहिलं, मग खाली नजर गेली. खाली माणसं राहतात हे बहुधा त्याला ठाऊक नव्हतं. एका आजोबांनी त्याला हात केला. त्यानेही गोंधळून केला, आणि न पुसताच उतरला.

आता म्हणे आपोआप स्वच्छ होणारे नवे आरसे येणार आहेत. त्यांचं काम खालच्याच कारखान्यात चाललंय. वरून विचारणा झाली, की उत्तर येतं, "घासतोय, साहेब. काम चोख नको का?" लिफ्टवाला लिफ्ट थांबवून तेल घालतोय, माळी नुसती कात्री परजतोय. सगळं शहर कधी नव्हे इतकं कामसू झालंय!

काल मला लंबूच्या हवाली करून मावशी खाली उतरली. गल्लीत नात भिंतीला धरून उभी होती. तिची नजर जमिनीवर गेली. दिव्यांच्या उजेडात वाढलेल्या आणि उन्हातही बसूनच राहिलेल्या पोरीला स्वतःची अशी उभी, ठळक सावली कधी दिसलीच नव्हती.

"आजी, हे काळं काय? माझ्या पायाला चिकटलंय!"

"तुझीच सावली गं, सोने."

पोरीला ते पटलं नाही. तिने भिंत सोडली आणि सावलीपासून पळ काढला. वाकड्या पायांनी, लटपटत, पण पळाली! सगळी गल्ली बघत होती. मावशीने हाक मारली नाही, की धरायला हात पुढे केला नाही.

मी काच आहे, मला पाझर फुटत नाही. पण माझं एवढं ऐका. कधी इकडे आलात, तर मला खुशाल पुसा, लख्ख करा. गालावरचा तो एक डाग तेवढा राहू द्या. पोरीचे पाय अजून सरळ व्हायचेत.