साखळीची चार बोटं

सत्त्याण्णव सालची गोष्ट. शेळगावच्या सप्त्यात खासदार झुंबरराव कीर्तनाला आले तेव्हा मी टाळकऱ्यांत उभा होतो. दिल्लीला गेलेला माणूस, पण चप्पल मांडवाबाहेर काढून सरळ सतरंजीवर बसला. माझा ऊर भरून आला. एके काळी हेच झुंबरराव जमीन मोजणी खात्यात होते आणि त्यांच्या साखळीचं दुसरं टोक मी, म्हस्कू, धरायचो. बारामती-इंदापुरातला बांध न् बांध त्यांनी पायी तुडवला. डोकी फोडायला निघालेले भाऊ त्यांच्यासमोर एका ताटात जेवायचे. लोकांनीच त्यांना आधी जिल्हा परिषदेत, मग दिल्लीला धाडलं.

बुवा त्यांना हार घालणार, तेवढ्यात बायकांतून म्हातारी फुलाबाई उठली.

"झुंबरराव, हार घ्या, पर आधी माझं ऐका. तुमच्या साखळीनं माझा धनी दादासोच्या उसात गेला."

लोक हसले. फुलाबाई हसली नाही. तिच्या नवऱ्याची, बिरूची समाधी तिच्याच रानात बांधलेली. एकाहत्तरच्या मोजणीत ती शेजारच्या दादासोच्या हद्दीत निघाली. तेव्हापासून अमावास्येला दिवा लावायचा तर बांधावर उभं राहून आधी दादासोला विचारायचं.

"मावशी, साहेबांचीच सही हाय कागदावर," दादासो म्हणाला. "आन् दिव्याला मी कवा न्हाय म्हणलोय?"

"न्हाय म्हणला न्हाईस. पर इचारायला लावतूस."

झुंबरराव माझ्याकडं वळले. "म्हस्कू, त्या दिवशी साखळी ताडली व्हती का रं?"

माझे टाळ थांबले. साखळीच्या कड्या वापरून ताणतात. म्हणून रोज सकाळी कचेरीच्या ओट्यावरच्या तेहतीस फुटांच्या खुणांशी ती लावून बघायची, असा नेम. पण त्या दिवशी सुप्याला कीर्तन होतं. 'चला साहेब, लवकर उरकून एस्टी गाठू,' म्हणून मीच पहाटेपासून मागं लागलो होतो. साखळी तशीच नेली, हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. दादासोच्या वस्तीवर तीनशे मतं, तीही ठाऊक होती. पण गळ्यात माळ, समोर विठ्ठल. खोटं कसं बोलू?

"न्हाय ताडली, साहेब. माझ्यापायी."

"तुझ्यापायी कसं? सही माझी हाय." बुवांना हात जोडून म्हणाले, "महाराज, हार आज नको."

सकाळी खासदारसाहेब धोतर खोचून उसात शिरले. इंदापुरातून पोलादी टेप मागवली होती. ओढ्याकाठच्या हद्दीच्या दगडापासून मोजत आलो. दादासोची दहा साखळ्यांची पट्टी समाधीच्या अलीकडंच संपली! ताणलेल्या कड्यांनी दर साखळीला चार बोटं जास्तीची खाल्लेली, दहा साखळ्यांत अडीच फूट. एवढ्यासाठी सव्वीस वर्षं!

"मतं बी अशीच मोजा म्हंजी झालं," दादासो पुटपुटला.

"कमी भरली तर भरली, दादासो. कचेरीत चूक मी लिहून देतो. हद्दीच्या दगडाचं कचेरी ठरवंल. समाधीचं तू बोल."

फुलाबाई दिवा घेऊन आली. सवयीनं बांधावर थांबली.

"दादासो, येऊ का रं?"

त्यानं पटक्यानं मान पुसली. "मला काय इचारतीस, मावशी? तुज्या घरात तू ये की."

वाऱ्यानं दिवा दोनदा विझला. तिसऱ्यांदा दादासोनंच उसाच्या बाजूनं हाताचा आडोसा धरला.