शॉवरवरची लाल रेघ

देवाशप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझे उरलेले दात इंद्रायणीत वाहून जावोत, आणि त्यांच्यामागून कवळीसुद्धा!

तर भिमाबाई कंबरेपर्यंत गाडीतल्या पलंगाखालच्या खणात शिरली होती. बाहेर नुसते पाय आणि जोडवी. सुहासिनी चहाचे कप घेऊन दारात उभी.

"काय म्हणतोय गं गिझर?"

"म्हन्तोय, मी तापलोय, तुमालाच कळंना!" भिमाबाई आतून ओरडली. "टाकीला हात लावू देत न्हाई. भाकरी थापून चिकटवली तर भाजून निघंल."

"मग नळाला कोमटच का येतंय?"

"तेच तर हुडकतीय. कदी लावला व्हता?"

"आजच. सहज आपला, सकाळी."

ही गाडी म्हणजे एकेकाळची कंपनीची मिनीबस. चाकणला गिझर बनवणाऱ्या कंपनीत बायकांना शिफ्टला नेणारी. दोघींचं अर्धं आयुष्य तिच्यात गेलं. सुहासिनी टाइम ऑफिसात, भिमाबाई असेंब्लीला, पण येता-जाता सीट एक. भिमाबाईच्या डब्यातला ठेचा खाऊन एकदा सुहासिनीला अशी उचकी लागली, की ड्रायव्हरला वाटलं गिअरबॉक्स गेला. त्याने मोशीला गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, आणि मागच्या तीन बसवाल्यांनीही आपापली उघडून पाहिली!

गाडी मोडीत निघाली तेव्हा सुहासिनीच्या मुलाने, निमिषने ती घेतली. सीटा काढून पलंग बसवले, ओटा केला, चिमुकली मोरी केली. कॅम्पर म्हणतात म्हणे याला. आता ती चऱ्होलीला निमिष, त्याची बायको ऋता आणि सुहासिनी राहत त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असायची. तिचं पाण्याचं सगळं काम भिमाबाईने केलं. पिंपरीहून दोन रिक्षा बदलून यायची, पान्हे पिशवीत घालून. मजुरी कसली घ्यायची? जायचं तर दोघींनीच होतं. समुद्रावर.

साठी उलटली तरी भिमाबाईने समुद्र पाहिला नव्हता. तिला फार लांबचं काही नको होतं. लाटांत मनसोक्त भिजायचं, मग गाडीच्या मागच्या अंगाला जो शॉवर बसवलाय त्याखाली उभं राहून, समोर समुद्र बघत, कढत पाण्याने अंगावरचं मीठ धुवायचं. एवढ्यासाठी तर तो शॉवर तिने बाहेर बसवला होता.

आधी ती सुहासिनीला "ताई, तुमी" म्हणायची. ओटा बसला त्या दिवशी सुहासिनी म्हणाली, "आता ताई पुरे. एका गाडीत झोपायचंय आपल्याला. सुहास म्हण." भिमाबाईला ते जमायला महिना लागला. घरी भिंतीसमोर उभी राहून 'सुहास, सुहास' असा सराव करायची. सून घाबरली, म्हणाली, सासूबाईंना भूत लागलंय!

आणि रेघेचं सांगायचं राहिलं. कंपनीत पद्धत होती. नट आवळला की त्याच्यावरून रंगाची रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि लांबून कळतं. भिमाबाईच्या हातात ही सवय इतकी मुरलेली, की लोणच्याच्या बरणीलाही ती रेघ मारायची, आणि त्या रेघेवरून तिने सख्खा जावई पकडला होता. गाडीतही तिने प्रत्येक सांध्यावर रेघ मारली, सुहासिनीच्या लाल नेलपॉलिशने. शेवटची बाहेरच्या शॉवरच्या दोन नळांवर, गरम आणि गार.

"ही आपुन समुद्रावर मोडायची," ती म्हणाली होती. "तू गरम फिरव, मी गार."

सुहासिनीने तिच्या हातावर टाळी दिली होती.

त्यानंतर पाऊस आला, मग गाडी चालवायला निमिषला सुट्टी नव्हती, मग सुहासिनीचा गुडघा. "गाडी जागची हललेली नाहीये गं," ती फोनवर सांगायची. आता थंडी पडली होती, आणि येत्या शनिवारी नक्की निघायचं होतं. तेवढा गिझर सुधारला की झालं.

भिमाबाई खणातून बाहेर आली. एकेक रेघ बोटाने तपासत गेली. टाकीचे नट, पंप, सांधे. कुठंच तुटलेली नाही.

"थर्मोस्टॅट गेला असेल, निमिष म्हणत होता," सुहासिनी म्हणाली.

"थर्मोस्टॅट गेला तर टाकी तापंल कशी? टाकी गरम, नळ कोमट, मंजे मधी कुठंतरी गार पानी घुसतंय."

"बाहेरचा शॉवर नसेल हं," सुहासिनी घाईने म्हणाली. "त्याची रेघ आहे तशी आहे. मी पाहिलीय."

भिमाबाईने चहाचा कप खाली ठेवला. तिने शॉवरचं नावही काढलं नव्हतं.

ती उतरून गाडीच्या मागे गेली, मागोमाग सुहासिनी. शॉवरच्या कप्प्याचं झाकण उघडलं. रेघ होती. लाल, अखंड, नळावरून पत्र्यावर गेलेली. चांगली निगुतीने मारलेली.

फक्त नळ आडवे होते.

भिमाबाई बघतच राहिली. तिने बसवले तेव्हा दोन्ही नळ उभे होते, बंद. आता दोन्ही आडवे, उघडे. शॉवरच्या तोंडावरचं बटण तेवढं दाबून बंद केलेलं. तिथंच गार पाणी आतल्या आत गरमाच्या पाइपात शिरत होतं आणि सगळ्या गाडीचं पाणी कोमट करत होतं.

"सुहास, ही रेघ कुनी मारली?"

"कुणी म्हणजे? तूच."

"नळ फिरला आन् रेघ मोडली न्हाई. असं कुटं आस्तंय व्हय?"



भिमाबाईने रेघेवरून नख फिरवलं. काहीतरी खरखरीत लागलं. नेलपॉलिशमध्ये अडकलेला वाळूचा कण. कप्प्याच्या कोपऱ्यात आणखी वाळू होती, आणि नखाएवढा एक शिंपला.

"दिवाळीत," सुहासिनी शेवटी म्हणाली. "ऋताचे आईवडील आले होते. मी म्हटलं गं, भिमाला विचारू. तर ऋता म्हणाली, पहिल्यांदा घरचीच माणसं जाऊ."

"आन् मंग तुमी काय म्हन्लात?"

त्या 'तुमी'ने सुहासिनी दचकली.

"मी काय बोलणार? सुनेसमोर…"

"न्हाई, बरोबर हाय."

"तुला वाईट वाटू नये म्हणून तर मी जुनी खरवडून रेघ परत मारली, भिमा! तिथंच वाळूत बसून मारली. किती जपून मारली."

"दिसतंय की. कंपनीत आस्ती तर पास झाली आस्ती." भिमाबाईने दोन्ही नळ फिरवून बंद केले. सुकलेली रेघ टचकन तुटली. मग मागे न वळताच तिने विचारलं, "कसा व्हता समुद्र?"

"अगं, काय सांगू तुला! संध्याकाळी सगळं पाणी असं…" सुहासिनीचा चेहरा उजळला, हात वर गेले, आणि तसेच हवेत राहिले.

"आतला नळ सोडा आता."

सुहासिनी आत गेली. पंप घरघरला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आई गं! हात भाजला! कढत आलं, भिमा!"

भिमाबाई पान्हे पुसून पिशवीत भरत होती. सुहासिनी नेलपॉलिशची बाटली घेऊन बाहेर आली आणि तिने ती पुढे केली. "रेघ मार ना नवी. शनिवारी दोघी मिळून मोडू. खरंच."

"आता कशाला, ताई? नळ हाय त्यो. येता-जाता लागंल घरच्या मान्सांना."

तिने पिशवी खांद्याला लावली. शिंपला होता तिथंच कोपऱ्यात ठेवला, झाकण लावलं आणि चालू लागली.

सुहासिनी अनवाणी तिच्यामागे धावली. पार्किंगमधून, वॉचमनच्या खुर्चीला धडकून, थेट गेटपर्यंत. "भिमे, थांब!" अशी हाक मारली, की आळंदीच्या घाटावरचे कावळे उडाले. रिक्षात बसता बसता भिमाबाईने वळून पाहिलं.

आता दातांची शपथ घेतलीय म्हणून सांगते. वळून पाहिलं, ते खरं. सुहासिनी धावत आली, तेवढं मी पदरचं घातलं.

गेटपाशी कुणी नव्हतं. गाडीतून पंपाचा आवाज येत होता. पाणी कढत होतं आणि सुहासिनीने नळ बंद केला नव्हता.